वहीत नसलेली चौथी ओळ

धर्मपाल तायडेच्या वहीला अकोला आणि अमरावती मिळून चौदा कार्यालयांत मान होता, आणि त्यातल्या निम्म्या ठिकाणी तिची चेष्टाही होती. संगणकांचं जाळं सांभाळणारा माणूस म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे कानात इअरफोन घातलेला, इंग्रजी फेकणारा पोरगा येतो. हा गृहस्थ सेहेचाळीस वर्षांचा. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पक्कड, टेस्टर आणि लाल बाइंडिंगची जाडजूड वही. कुठल्या भिंतीतून कुठली वायर गेली, कोणत्या तारखेला काय बदललं, कोणाच्या सांगण्यावरून बदललं, सगळं त्या वहीत. सध्या अकरावी वही चालू होती. आधीच्या दहा अकोल्याच्या जठारपेठेतल्या घरी कपाटात होत्या. बायको नीलम म्हणायची, घराला आग लागली तर हा माणूस आधी वह्या बाहेर काढेल आणि मग मला हाक मारेल.

सवय वडिलांची. शालिकराम तायडे टेलिफोन खात्यात लाइनमन होते. पोराला त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, कारण दोन हलवल्या तर कशाने बरं झालं ते कळत नाही. आणि जे हलवलं ते लिहून ठेवायचं, कारण आपल्यासारख्याचा शब्द कोणी धरत नाही, लिहिलेलं धरतात. ही दुसरी गोष्ट ते कुठे शिकले हे त्यांनी कधी सांगितलं नाही. धर्मपालला ती कार्यालयं फिरायला लागल्यावर आपोआप कळली.

ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी सकाळी सात वाजता त्याचा फोन वाजला. बोलणारी मुलगी अनोळखी होती. नाव वर्षाली, अमरावतीला बडनेरा रोडवरच्या बियाणे कंपनीत कंत्राटावर डेटा ऑपरेटर. त्याचा नंबर तिला भिंतीवरच्या एका डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरून मिळाला होता. आवाज दाबून बोलत होती, कारण घरात कोणाला ऐकू जाऊ द्यायचं नव्हतं. तिने जे सांगितलं ते ऐकून धर्मपालने हातातली बशी खाली ठेवली.

त्या कार्यालयातले चौदा संगणक, सर्व्हर, सगळं जाळं धर्मपालने पाच वर्षांपूर्वी स्वतः टाकलं होतं. वर्षाली म्हणाली, जूनपासून तिथे पासवर्ड टाकल्यावर मशीन उघडायला अकरा मिनिटं लागतात. आणि त्याच जूनपासून नवे साहेब आले, कुंदन खोडके. त्यांनी नियम केला की मशीन उघडल्याची वेळ हीच हजेरीची वेळ. दहाच्या पुढे गेलं की लेट. बाकीचे शहरातले, ते साडेनऊलाच येऊन मशीन चालू करून चहा पीत बसतात. ती चांदूर रेल्वेहून पॅसेंजरने येते. गाडी वेळेवर असली तर निभतं. गाडी दहा मिनिटं मागे पडली की ती नऊ बावन्नला खुर्चीत बसते आणि मशीन तिला दहा तीनला आत घेतं. असे नऊ लेट झाले होते. सहापेक्षा जास्त लेट ज्याचे, त्याचं कंत्राट एक सप्टेंबरपासून वाढवायचं नाही, असा नियम. आणि ती यादी आज संध्याकाळी पाच वाजता नागपूरला जायची होती.

गेटवरच्या रजिस्टरात माझी खरी वेळ आहे, असं तिने साहेबांना दाखवलं होतं. साहेब म्हणाले, गेट ते खुर्ची यामध्ये तू कुठे रमतेस ते रजिस्टर सांगत नाही. साहेबांचा स्वतःचा लॅपटॉप कंपनीकडून वेगळा आलेला, या जाळ्यातल्या सर्व्हरशी त्याचा संबंधच नाही. तो अर्ध्या मिनिटात उघडायचा. ज्याला स्वतःला कधी ताटकळावं लागत नाही, त्याला दुसऱ्याचं ताटकळणं हे नेहमी निमित्तच वाटतं.

"मले आधी कोणी काहून नाई सांगितलं?" धर्मपालने विचारलं.

"हेडक्लार्क वामनराव साहेब फोन कराचे म्हने तुमाले. ते तं मे महिन्यात रिटायर झाले."

पावणेअकराला धर्मपाल बडनेऱ्याला उतरून ऑटोने कार्यालयात पोहोचला. खोडके साहेब पस्तिशीचे, इस्त्रीचा शर्ट, माणूस वाईट नव्हता. पण नव्या जागी आपण ढिले नाही हे दाखवायची घाई त्यांच्या अंगात होती. त्यांनी सरळ सांगितलं. मशीनचा दोष पाचच्या आत सापडला आणि तो जूनपासूनचा आहे हे सिद्ध झालं, तर ते लेट रद्द करतील. नाही सापडला तर यादी आहे तशी जाईल. आणि हो, तायडे, तुमचा स्वतःचा वार्षिक करारही एकतीसलाच संपतोय, नागपूरची एक मोठी एजन्सी मागे लागली आहे. हे शेवटचं त्यांनी हसत सांगितलं.

धर्मपाल कामाला लागला. अशा कामातली खरी छळणूक बाहेरच्याला कळत नाही. एक गोष्ट बदलायची, मशीन बंद करायचं, पासवर्ड टाकायचा आणि बघत बसायचं. बरं झालं की नाही हे कळायलाच अकरा मिनिटं. म्हणजे तासाला जेमतेम पाच प्रयोग, आणि हातात तास सहा. वडिलांचा नियम मोडून तीन-चार गोष्टी एकदम हलवाव्यात असं त्यालाही वाटलं. पण मग कशाने झालं हे सिद्ध कसं करणार? त्याने वही उघडली, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि एकेक सुरू केलं.

आधी वायरी. वर्षालीच्या मशीनची वायर बदलली, अकरा मिनिटं. मग भिंतीवरचा तो डबा, ज्यातून सगळ्या वायरी फुटतात. दुसरा लावला, अकरा मिनिटं. सर्व्हरची जागा भरली का पाहिली, अर्धी रिकामी. मशीन एकमेकांना ज्या नावांनी ओळखतात ती यादी तपासली, बरोबर. अँटिव्हायरस एका मशीनवरून काढला, अकरा मिनिटं. वर्षाली आपल्या टेबलापाशी उभीच होती, कारण तिचं मशीन त्याने घेतलं होतं. प्रत्येक वेळी पडद्यावर ते गोल गोल फिरायला लागलं की ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची आणि मशीन उघडलं की घड्याळाकडे न बघताच सोडून द्यायची. तिला वेळ पाठ झाली होती.

मध्येच माणिकबाई चहा घेऊन आली. ती त्या कार्यालयात अठरा वर्षांपासून झाडलोट आणि चहापाणी करायची. कप ठेवता ठेवता म्हणाली, "वामनराव सुटीवर गेले का तवाही असंच व्हाचं, दादा. त्यायच्याबिगर मशिनी रुसाच्या."

धर्मपाल हसला. लोक मशीनला माणूस समजतात, हे त्याने इतक्या ठिकाणी ऐकलं होतं की आता कानांवरून जायचं.

त्याचा खरा संशय हजेरीच्या नव्या सॉफ्टवेअरवर होता. एक जूनला ते आलं, एक जूनपासून मशीन मंदावली. सगळं जुळत होतं. दीड वाजता साहेबांकडून परवानगी काढून त्याने ते एका मशीनवरून पूर्ण उतरवलं. जेवणाची सुट्टी होती, पण वर्षाली जेवायला गेली नाही. मशीन बंद केलं, चालू केलं, पासवर्ड टाकला. पाच मिनिटं. सात. नऊ. धर्मपालच्या कपाळावरून घाम चष्म्यात उतरला. अकरा मिनिटांनी पडदा उघडला. खोडके साहेब दारातून म्हणाले, झालं का तुमचं समाधान?

आता एकच जागा उरली होती, आणि ती त्याने सकाळीच ओलांडली होती. पासवर्ड टाकला की सर्व्हर प्रत्येक मशीनला काही बारीक कामं सांगतो, त्यांची एक छोटी फाइल असते. ती त्याने स्वतः लिहिली होती. वहीत त्या पानावर स्वच्छ अक्षरात तीन ओळी होत्या. सामायिक फायलींचं कपाट जोडा, प्रिंटर जोडा, घड्याळ लावा. सकाळी त्याने वहीतल्या तीनही ओळी वाचल्या, तीनही कामं ठीक होत होती, म्हणून पुढे गेला. सर्व्हरवरची फाइल उघडून पाहिलीच नाही. वही असताना फाइल कशाला उघडायची? जगात दुसरा कोणताही मेकॅनिक असता तर त्याने आधी फाइल उघडली असती. हा वहीवाला होता.

पुढचे दोन तास त्याने सकाळचंच सगळं दुसऱ्या मशीनवर पुन्हा करून पाहिलं, आणि पावणेचारला तो नुसताच उभा राहिला. उभा होता तिथे समोर वामनरावांचं टेबल होतं. वामनराव हेडक्लार्क, तीस वर्षं त्याच खुर्चीत. त्यांच्या निरोपाच्या दिवशी माणिकबाईने त्यांच्या मशीनला हळदकुंकू वाहिलं होतं, ते मॉनिटरच्या कडेला अजून दिसत होतं. वर कापड टाकलेलं. त्या खुर्चीवर अजून कोणी बसत नव्हतं, मशीनला कोणी हात लावत नव्हता, साहेबांनी सांगूनही.

त्यायच्याबिगर मशिनी रुसाच्या. अठरा वर्षं रोज सगळ्यांच्या आधी आणि शेवटी या खोलीत असणारी बाई बोलली होती, आणि आपण हसलो. धर्मपाल सर्व्हरपाशी गेला आणि त्याने फाइल उघडली.

तीन ओळी होत्या. खाली चौथी होती.

ती वाचताना त्याला आधी चव आठवली. वेलदोड्याच्या चहाची. पाच वर्षांपूर्वी, काम पुरं झालं त्या दिवशी, वामनरावांनी त्याला स्वतःच्या टेबलाशी, समोर नाही, शेजारी खुर्ची ओढून बसवलं होतं. थर्मासच्या झाकणात घरचा चहा ओतून दिला, आणि त्याचा पिऊन झाल्यावर त्याच झाकणात स्वतःला ओतून घेतला. बाकीच्या कार्यालयांत धर्मपालला चहा मिळायचा तो कागदी कपात, उभ्या उभ्या. ही फार मोठी गोष्ट नाही, असं तो स्वतःला सांगायचा. पण ती मोठी होती. त्या दिवशी वामनराव म्हणाले, तायडेजी, एक हौस आहे. सकाळी सगळ्यांची मशीन उघडली की माझ्या मशीनवरून दोन ओळी त्यांच्या पडद्यावर आल्या पाहिजेत. त्या माणसाने त्याला आजवर कोणी म्हटलं नव्हतं तसं तायडेजी म्हटलं होतं. धर्मपालने एका हातात झाकण धरून दुसऱ्या हाताने तिथल्या तिथे चौथी ओळ टाकली. वामनरावांच्या मशीनकडे जा, आजचा मजकूर आण. ते मशीन जुनं, जागं व्हायला वेळ घ्यायचं, म्हणून पुढे जोडलं की नाही सापडलं तर थांब आणि पुन्हा शोध, वीस वेळा. मगच पुढे जा.

वही पिशवीत होती, पिशवी पायाशी होती, आणि हातात चहा होता. लिहायचं राहिलं.

वामनराव रोज साडेनवाला येऊन आपलं मशीन चालू करायचे, म्हणून पाच वर्षं काही कळलं नाही. ते सुटीवर गेले की बाकीची सगळी मशीन त्यांच्या मशीनला वीस वेळा शोधायची. एक जूनपासून ती रोज शोधत होती. दोन ओळी यायच्या बंद झाल्या, तेव्हा लोकांना वाटलं, वामनराव गेले म्हणून बंद झाल्या असतील.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. धर्मपालचं बोट ती ओळ पुसायच्या बटणावर होतं. सर्व्हरच्या खोलीत तो एकटा होता. पुसली की सगळी मशीन अर्ध्या मिनिटात उघडणार, तो म्हणणार, सर्व्हरची साफसफाई केली, साहेब खूश, करार पक्का. मात्र दोष काय होता आणि कधीपासून होता हे सांगता येणार नव्हतं, आणि ते सांगितल्याशिवाय नऊ लेट पुसले जाणार नव्हते. काचेपलीकडे ती पोरगी उभी होती. नीलमला काय सांगायचं, पोरांच्या शिक्षणाचं काय, चौदातलं हे सगळ्यांत मोठं काम, हे सगळं त्याच्या डोक्यात आलं. लाज तर इतकी वाटत होती की वही पिशवीतून काढायचीही हिंमत होईना. मग बोट काढलं आणि साहेबांना हाक मारली.

त्याने काही पुसलं नाही. वामनरावांच्या मशीनवरचं कापड काढलं आणि ते चालू केलं, बस. एवढी एकच गोष्ट हलवली. ते जुनं मशीन घरघरत जागं होईपर्यंत सगळं कार्यालय भोवती जमलं. मग वर्षालीला म्हणाला, टाक पासवर्ड. साहेबांनी स्वतः मोबाइलवर वेळ लावली. अडतीस सेकंदांत पडदा उघडला.

आणि पडद्याच्या मधोमध दोन ओळी आल्या. वामनरावांचं लिहिणं थोरामोठ्यांच्या वचनांसारखं नसायचंच. आज गुरुवार, असं होतं. जाताना पंखे बंद करा, माणिकबाईला परत वर यावं लागतं.

कोणी हसलं, माणिकबाईने पदर तोंडाला लावला. धर्मपालने त्या मशीनमधलं फोल्डर उघडलं. जाण्याआधी वामनरावांनी पुढच्या वर्षभराचे मजकूर तारखेवार टाकून ठेवले होते. एक जूनचा त्याने उघडला, तो कोणीच कधी पाहिला नव्हता. आजपासून मी नाही, असं लिहिलं होतं. माझ्यावाचून कोणाचं काही अडू नये. धर्मपालला हसावं की रडावं कळेना. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने चष्मा पुसायचं निमित्त केलं.

खोडके साहेब त्याला आत घेऊन गेले. त्यांना सगळं लगेच कळलं. चार चाळीस झाले होते. दोषाचं कारण लेखी पाहिजे, नागपूरला यादीसोबत जोडायचं आहे, असं ते म्हणाले. मग दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. तुमच्या सहीने असं पत्र गेलं तर तुमचा करार मी वाचवू शकणार नाही, तायडे. एक करा. वामनरावांनी स्वतःच्या हौसेसाठी नियमबाह्य ओळ टाकायला लावली, असं लिहा. ते आता घरी बसलेत, त्यांचं काय जाणार आहे?

धर्मपालने कोरा कागद पुढे ओढला.

"त्यायनं मागितलं होतं, साहेब," तो म्हणाला. "टाकली मी. वीस वेळा शोध म्हणून मी लिहिलं. अन् वहीत नाई लिहिलं तेही मीच."

त्याने तसंच लिहून दिलं, तारखेसह. सही करताना तायडेमधला य दोनदा गिरवावा लागला. चार छप्पन्नला खोडके साहेबांनी नऊ लेट रद्द केले आणि वर्षालीचं नाव कंत्राट वाढवायच्या यादीत घातलं. एजन्सीला फोन उद्या करतो, असं ते त्याच्याकडे न बघता म्हणाले. मग धर्मपालने सर्व्हरवर बसून चौथी ओळ पुसली, आणि वामनरावांचं मशीन बंद करून त्यावर कापड टाकलं.

सव्वासहाला बडनेरा स्टेशनवर तो भुसावळकडच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसला होता. वर्षाली आली. तिची गाडी वर्ध्याकडची, वेगळ्या प्लॅटफॉर्मची, पण ती इकडे आली. आभार मानायला आली असेल असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याची त्याला पुढे बरेच दिवस शरम वाटत राहिली. ती बसली नाही.

"नऊ खेपा मले सगळ्यासमोर उभं केलं साहेबानं, काका," ती म्हणाली. "बाबा पहाटे फुलं तोडतात, मी हार बांधून देऊन गाडी पकडतो, तरी घरी सांगू शकली नाई का मले कामचोर म्हनून राहिले. अन् ते तुमच्या एका ओळीनं?"

"हाव," तो म्हणाला. "माह्या एका ओळीनं."

माफ कर म्हणायचं होतं, पण ते तिच्या नऊ दिवसांपुढे फार स्वस्त वाटलं, म्हणून म्हटलं नाही. मालगाडी धडधडत निघून गेली.

"आता तरी वहीत लिवलं काय?" तिने विचारलं.

त्याने पिशवीतून वही काढून उघडून दिली. आजची तारीख होती. खाली चौथी ओळ, कोणी मागितली, कोणी टाकली, आणि तेव्हा वहीत का लिहिली नाही. या शेवटच्या पुढे त्याने लिहिलं होतं, चहा पीत होतो. त्याखाली, आज काढली. वर्षालीने ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं. मग त्याच्या शेजारी बसली आणि पेन मागितलं.

ती लिहायला लागली. बारा जून, नऊ बावन्न. एकोणीस जून, नऊ चोपन्न. तीन जुलै, नऊ एक्कावन्न. कुठल्याच रजिस्टरात न बघता, न अडखळता, एकाखाली एक. तिच्या तारखा तिला पाठ होत्या. चौथी तारीख लिहून होईपर्यंत भुसावळकडची गाडी प्लॅटफॉर्मला लागली. लोक चढले. धर्मपालने वही मागितली नाही. पुढची गाडी दीड तासाने होती.